एंटँगलमेंट तयार कसं करायचं: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि जिथं सगळे चुकतात त्या जागा

बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी माझ्याकडं शनिवारी येतात, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत, भिंतीपलीकडं यंत्रमाग चालू असतात त्यामुळं जरा मोठ्यानंच बोलावं लागतं. एंटँगलमेंटचा, म्हणजे दोन कणांची मिळून एकच स्थिती होते त्या गुंफणीचा, धडा आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, दोन कण नेमकं काय केल्यावर गुंततात? उत्तरं ठरलेली. "मॅडम, ते जुळ्यासारखे एकत्र जन्मतात." "एकमेकांवर आदळले की गुंततात." आणि हमखास येणारं चपलांच्या जोडाचं उदाहरण, एक चप्पल पुण्याला पाठवली, एक सोलापुरात ठेवली, इथं डावी निघाली की तिकडची उजवी. या तिन्ही उत्तरांत प्रोसेसच नाहीये. काय आधी करायचं, काय नंतर, मधे काय अजिबात करायचं नाही, हे कुणी सांगतच नाही, आणि मग मुलं सिम्युलेटरवर बसली की गेट (कणांवर करायच्या क्रिया) उलटसुलट टाकतात, दोन आकडे जुळले की झालं म्हणून उठतात.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय. पहिल्या पाच पायऱ्या वही आणि मोबाइल घेऊन कुणालाही दोन तासांत करता येतील. सहावी लेसरची आहे, ती घरी करायची नाही, पण वाचायची नक्की, कारण कागदावरची तीच चूक तिथंही तशीच होते.

तयारी

वही, पेन, आणि क्वर्क नावाचं ब्राउझरमधलं सिम्युलेटर. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, मोबाइलवरही उघडतं पण गेट ओढून टाकायला लॅपटॉप असला तर बोटांना त्रास कमी.

डोक्यात एक गोष्ट पक्की हवी. प्रत्येक शक्यतेला एक आकडा असतो, त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात, आणि त्याचा वर्ग केला की ती शक्यता घडण्याचं प्रमाण मिळतं. ०.७०७ चा वर्ग ०.५, म्हणजे पन्नास टक्के. हा आकडा वजाही असू शकतो, वर्ग केल्यावर वजा दिसत नाही म्हणून पोरं तो लिहायचाच सोडतात, आणि पाचव्या पायरीत येऊन अडकतात. आत्ताच सांगते, चिन्ह सोडायचं नाही. (आकडा कॉम्प्लेक्सही असतो, आज त्याची गरज पडणार नाही.)

कण कुठलाही धरा. मी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, धरते, ० म्हणजे आडवं पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा), १ म्हणजे उभं.

पायरी १: चार घरं काढा

दोन कण म्हणजे चार शक्यता, ००, ०१, १०, ११. पहिला अंक पहिल्या कणाचा, दुसरा दुसऱ्याचा. वहीत चार घरं आखा आणि त्यांना क, ख, ग, घ नावं द्या, त्याच क्रमानं. सुरुवात ०० पासून करायची, म्हणजे क = १ आणि बाकी तिन्ही शून्य.

सुरुवात अशी ठाम स्थितीतून का करायची, हा प्रश्न चांगला आहे. कण आधीच कुठल्या स्थितीत आहे हे धूसर असेल, कधी हे कधी ते अशी भेसळ असेल, तर पुढं कितीही नीट काम केलं तरी गुंफण कमजोर येते, भेसळ फारच झाली तर येतच नाही. खऱ्या लॅबमध्ये म्हणूनच आयन किंवा चिपवरचा क्यूबिट (० आणि १ अशा दोन स्थितींचा, आपल्या कणासारखाच वागणारा) आधी शून्यावर आणून बसवतात, त्याला रीसेट म्हणा, आणि मगच पुढचं काम.

आता या चार आकड्यांसाठी एक कसोटी लिहून ठेवा, सगळ्या लेखभर हीच वापरायचीय: क × घ आणि ख × ग सारखे आले तर कण सुटे आहेत. वेगळे आले तर गुंतलेत. बस, एवढंच.

तपासा: चारही आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ आली पाहिजे. दर पायरीनंतर हे करा. बेरीज चुकली तर पुढं जाऊ नका, आकडेमोडीत कुठंतरी घसरलाय.

पायरी २: एकाच कणाला सुपरपोझिशन द्या

पहिल्या कणावर हॅडामार्ड गेट लावा, सगळे त्याला एच म्हणतात. हे गेट ० चं रूपांतर "० आणि १, दोन्हीला ०.७०७" असं करतं, दोन्ही शक्यता एकदम, हीच सुपरपोझिशन. (१ वर लावलं तर ० ला ०.७०७ आणि १ ला वजा ०.७०७, हा तो मघाचा वजा.) दुसऱ्या कणाला हात लावायचा नाही. आता वहीत क = ०.७०७, ग = ०.७०७, बाकी शून्य.

कसोटी लावा. क × घ = ०. ख × ग = ०. सारखे, म्हणजे अजून गुंफण नाही. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो, सुपरपोझिशन आली म्हणजे एंटँगलमेंट आलंच असं धरून चालतात. एकटा कणही सुपरपोझिशनमध्ये असतो, त्याला गुंतायला दुसरं कुणी नकोय का?

इशारा: दोन्ही कणांवर एच लावू नका. ही चूक दर बॅचला होते, "एकाला दिलं तर दुसऱ्याला का नको" असं वाटतं. करून बघा, चारही घरांत ०.५ येईल. पुढच्या पायरीतलं गेट १० आणि ११ या दोन घरांची अदलाबदल करतं, आणि दोन्हीकडं ०.५ च असेल तर अदलाबदल करून काय मिळणार? होतं तेच राहतं. मागच्या महिन्यात एक पोरगा अर्धा तास हेच करत बसला होता, गेट बदलून बदलून, चारही पट्ट्या पंचवीस-पंचवीस टक्क्यांवर जशाच्या तशा. त्याचं सर्किट बरोबर चालत होतं, फक्त दुसरा एच काढायचा होता.

पायरी ३: दोघांवर मिळून एकच क्रिया करा

गुंफण इथं तयार होते, याच पायरीत, आणि इतर कुठंच नाही.

सीनॉट गेट लावायचं. नियम साधा: पहिला कण १ असेल तर दुसरा उलटा कर, पहिला ० असेल तर दुसऱ्याला तसाच सोड. आपल्याकडं ०० आणि १० अशी दोन घरं भरलेली आहेत. ०० तसंच राहिलं. १० मधला दुसरा उलटला, झालं ११. आता क = ०.७०७, घ = ०.७०७, ख आणि ग शून्य.

कसोटी: क × घ = ०.५, ख × ग = ०. वेगळे आले. गुंतले.

हे नुसतं कसोटीवर सोडू नका, एकदा हातानं पटवून घ्या. समजा दोन्ही कण सुटे आहेत. पहिल्याचे आकडे प आणि फ (० साठी प, १ साठी फ), दुसऱ्याचे ब आणि भ. मग चार घरं होतील प×ब, प×भ, फ×ब, फ×भ. आपल्याला प×भ शून्य हवाय, म्हणजे प तरी शून्य किंवा भ तरी शून्य. प शून्य धरला तर प×ब पण शून्य होतो, पण तो ०.७०७ आहे. भ शून्य धरला तर फ×भ शून्य होतो, तोही ०.७०७ आहे. कुठूनही जमत नाही. म्हणजे पहिल्या कणाची स्वतःची अशी वेगळी स्थिती आता लिहिताच येत नाही, दुसऱ्याचीही नाही, जी काय स्थिती आहे ती दोघांची मिळून एक आहे. मी वर्गात हे फळ्यावर करते तेव्हा एक मिनिट शांतता असते, फक्त मागाचा आवाज, आणि मला तो मिनिट फार आवडतो.

यात कणांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या कणाचं काय होणार हे पहिल्यावर अवलंबून ठेवलं, आणि पहिला त्यावेळी दोन्ही शक्यतांत होता. अट अधिक सुपरपोझिशन, एवढाच मसाला आहे. नुसती टक्कर पुरत नाही कारण टक्कर झाली तरी अट तयार झाली पाहिजे, "तू असा असशील तर माझं हे, तसा असशील तर ते".

आणि क्रम. आधी सीनॉट, मग एच असं उलट केलं तर काय होतं बघा: ०० वर सीनॉट लावलं, पहिला ० आहे म्हणून काहीच झालं नाही. मग एच लावलं, पहिल्याला सुपरपोझिशन आली, दुसरा बाजूला कोरडाच. तीच दोन गेटं, तेच कण, गुंफण शून्य. हे सांगताना माझ्या वर्गातली एक पोरगी, वडील मागावर आहेत तिचे, पटकन म्हणाली, "म्हंजे ताणा चढवलाच नाई आन् धोटा मारला तर कापड कुठनं येणार, मॅडम." क्रम लक्षात ठेवायला यापेक्षा चांगलं काही मला आजवर सापडलं नाही. ताणा (मागावरचे उभे धागे) म्हणजे सुपरपोझिशन, धोटा (आडवा धागा नेणारा) म्हणजे सीनॉट. उदाहरण क्रमापुरतंच घ्या, कण काही धाग्यानं बांधलेले नसतात.

इशारा: एच आणि सीनॉटच्या मधे मोजमाप करायचं नाही. मधे बघितलं की पहिला कण ० तरी होतो किंवा १ तरी, मग सीनॉट दुसऱ्याला त्याच्याशी जुळवून देतं, उत्तरं शंभर टक्के जुळतात, आणि गुंफण मात्र नसते. हा मुद्दा पाचव्या पायरीत परत येणार आहे.

पायरी ४: तेच क्वर्कवर करून बघा

एक तार म्हणजे एक कण, वरची पहिल्याची. वरच्या तारेवर एच ओढून टाका. त्याच्या पुढच्या उभ्या रांगेत वरच्या तारेवर काळा ठिपका, आणि खालच्या तारेवर वर्तुळात अधिकचं चिन्ह. ठिपका आणि अधिक एकाच उभ्या रांगेत हवेत. मागंपुढं झाले तर ठिपक्याला काही काम उरत नाही, आणि खालचा कण विनाअट उलटतो. मोबाइलवर ही चूक फार होते कारण बोट सरकतं.

उजव्या टोकाला दर तारेला टक्केवारी दिसेल, दोन्हीकडं ५०. शेजारी छोटा गोल असेल, त्यात एरवी बाण असतो. सीनॉट टाकल्या टाकल्या दोन्ही गोलांतला बाण नाहीसा होऊन मधोमध नुसता ठिपका उरतो. सीनॉट काढा, बाण परत. टाका, गेला. दोन-तीनदा करा हे. एकट्या कणाची वेगळी स्थिती लिहिता येत नाही असं वर आपण बीजगणितानं काढलं, ते इथं डोळ्यांनी दिसतं.

बाण गायब म्हणजे गुंफण असं मात्र घाईनं म्हणू नका, तो कण कुणाशी तरी गुंतलाय एवढंच त्यातून कळतं. कुणाशी, ते पुढं.

तपासा: टूलबॉक्समधून चान्स लिहिलेला चौकोन शेवटी टाका आणि खाली ओढून दोन तारांवर पसरवा. चार शक्यता दिसतील. ०० आणि ११ ला ५०-५०, मधल्या दोन शून्य. क्वर्कमध्ये वरची तार हा उजवीकडचा अंक धरतात, किस्किटमध्येही (आयबीएमचं क्वांटम प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) पहिला क्यूबिट उजवीकडं येतो, आपण वहीत डावीकडून लिहिलंय. ०० आणि ११ ला फरक पडत नाही, पण ०१ आणि १० आले की उलटं वाचाल, सांभाळून.

पायरी ५: दुसऱ्या दिशेनं तपासा

या पायरीपर्यंत बहुतेक जण येतच नाहीत. "शंभर टक्के जुळायलंय की मॅडम, अजून काय बगायचं?"

जुळणं म्हणजे गुंफण नाही. शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात मी पाकिटांच्या जोड्या ठेवते, काही जोड्यांत दोन्ही चिठ्ठ्यांवर ०, काहींत दोन्हींवर १. न बघता एक जोडी काढा, एक पाकीट या बाकावर, दुसरं त्या बाकावर, उघडा. दरवेळी सारखं. चिठ्ठ्यांत कसलं आलंय क्वांटम? चपलांचं उदाहरण पण हेच, आणि म्हणून ते फसवतं. एका दिशेनं विचारलेल्या प्रश्नाला चिठ्ठ्या आणि गुंतलेले कण अगदी एकसारखं उत्तर देतात.

मग वेगळ्या दिशेनं विचारायचं. सर्किटच्या शेवटी, चान्सच्या चौकोनाच्या आधी, दोन्ही तारांवर एच टाका. फोटॉनच्या भाषेत दोन्ही पोलरायझर (पोलरायझेशन तपासणाऱ्या चकत्या) ४५ अंशांवर फिरवले.

आता वहीत करा, चिन्हं सांभाळून. ०० वर दोन्हीकडं एच लावलं की चारही घरांत अधिक ०.५. ११ वर लावलं की ०० ला अधिक, ०१ ला वजा, १० ला वजा, ११ ला (वजा गुणिले वजा) अधिक. दोन्हींची बेरीज करून ०.७०७ नं गुणा. मधल्या दोन घरांत अधिक आणि वजा एकमेकांना खाऊन टाकतात, शून्य. ०० आणि ११ मधे ०.७०७. म्हणजे दुसऱ्या दिशेनं विचारलं तरी शंभर टक्के जुळलं. क्वर्कवर चान्सचा चौकोन तेच दाखवेल.

चिठ्ठ्यांसारख्या भेसळीत असं होत नाही. तिथं जोडी एकतर ०० आहे किंवा ११, दोन्ही एकदम नाही, त्यामुळं बेरीज करायला आणि खोडायला दुसरी बाजूच नसते. दोन्हींचं वेगवेगळं उत्तर चारही घरांत २५ टक्के, म्हणून एकूणही २५-२५-२५-२५.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. तिसरी तार घ्या, तिला साक्षीदार म्हणा. एच नंतर लगेच पहिल्या तारेवर ठिपका आणि तिसऱ्यावर अधिक, म्हणजे पहिला कण काय आहे याची नोंद साक्षीदाराकडं गेली. मग नेहमीचं सीनॉट पहिल्या-दुसऱ्यावर. शेवटी पहिल्या दोन तारांवर एच, आणि त्याच दोघांवर चान्स. पट्ट्या बघा, चारही २५ टक्के. साक्षीदाराला आपण काही विचारलं नाही, त्याचं मोजमाप केलं नाही, तो कोपऱ्यात नुसता आहे. त्याच्याकडं नोंद असणं एवढंच पुरलं. शेवटचे दोन एच काढलेत तर मात्र ०० आणि ११ अगदी आधीसारखेच ५०-५० दिसतात, काही बिघडलंय याचा पत्ताही लागत नाही.

बाण इथंही गायबच असतो, पण आता गुंफण तिघांत वाटली गेलीय. दोन कण एकमेकांशी पूर्ण गुंतले असतील तर तिसऱ्याला त्यात जागा नसते, आणि तिसरा घुसला की त्या दोघांची आपसातली गुंफण कमी होते, इथल्यासारखी पूर्ण नोंद गेली तर जातेच. खऱ्या जगात साक्षीदार म्हणजे हवेचा एखादा रेणू, भिंतीवरून आलेला एखादा फोटॉन, क्रिस्टलची थरथर. माणसानं बघायची गरज नाही.

तपासा: एका दिशेनं जुळलं, दुसऱ्या दिशेनं पण जुळलं. दोन्ही हवेत. एकच असेल तर गुंफण आहे म्हणू नका.

पायरी ६: खऱ्या फोटॉनवर

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत सांगते. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर बेरियम बोरेटच्या क्रिस्टलवर सोडतात, लॅबमध्ये सगळे त्याला बीबीओच म्हणतात. बहुतेक फोटॉन सरळ निघून जातात, अब्जावधींतला एखादा फुटतो आणि त्याचे दोन होतात, प्रत्येकी ८१० नॅनोमीटर. ऊर्जेचा हिशोब चोख लागतो, ३.०६ इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन तुकडे, १.५३ आणि १.५३. नुसता ऊर्जेचा हिशोब पुरत नाही, संवेगाचाही जुळावा लागतो, म्हणून क्रिस्टल ठरावीक कोनात कापलेला असतो आणि अंशाच्या छोट्याशा भागानं फिरला तरी जोड्यांच्या दिशा बदलतात.

पण फोटॉन दोन झाले म्हणजे पोलरायझेशन गुंतलं असं नाही, "एकत्र जन्मतात" हे उत्तर अपुरं आहे ते इथं कळतं. मी सांगतेय त्या प्रकारच्या (टाइप-१) एका क्रिस्टलमधून दोन्ही फोटॉन आडवेच येतात, दरवेळी. ००, ००, ००. जुळ्यासारखे जुळतात आणि पोलरायझेशनमध्ये अजिबात गुंतलेले नसतात.

म्हणून दोन पातळ क्रिस्टल एकमेकांना चिकटवून, एकाची अक्ष दुसऱ्याच्या ९० अंशांत ठेवतात. पहिला उभ्या पोलरायझेशनच्या लेसरवर काम करतो आणि दोन आडवे फोटॉन देतो. दुसरा आडव्या लेसरवर काम करतो, दोन उभे देतो. आता लेसर ४५ अंशांवर ठेवायचा, म्हणजे तो स्वतः आडवा आणि उभा या दोन्हींच्या सुपरपोझिशनमध्ये. ही आपली पायरी २. क्रिस्टल काय देणार हे लेसरच्या पोलरायझेशनवर अवलंबून, ही पायरी ३ ची अट. जोडी कुठल्या क्रिस्टलमधून आली याची नोंद कुठंच राहिली नाही, तर ०० अधिक ११.

शेवटचं वाक्य परत वाचा. कुठल्या क्रिस्टलमधून आली हे कळण्याचा मार्ग राहिला, मग कुणी बघो न बघो, तो साक्षीदार झाला. क्रिस्टल जाड असले तर एका क्रिस्टलचे फोटॉन किंचित उशिरा निघतात, तो उशीरच नोंद होते. म्हणून क्रिस्टल अर्धा-एक मिलिमीटरचे घेतात, वेळेतला फरक भरून काढायला वाटेत आणखी एखादा क्रिस्टल लावतात, डिटेक्टरपुढं फिल्टर ठेवतात.

हमखास होणारी चूक म्हणजे लेसर ४५ वर न ठेवता सरळ उभा ठेवणं. एकच क्रिस्टल चालतो, काउंट छान मिळतात, जोड्या शंभर टक्के जुळतात, अहवाल लिहून मोकळे. पोलरायझर दोन्हीकडं ४५ अंशांवर फिरवले असते तर लगेच पितळ उघडं पडलं असतं, जुळणं निम्म्यावर आलं असतं.

इशारा: ४०५ नॅनोमीटरचा लेसर डोळ्याला मंद वाटतो पण असतो तेवढा मंद नाही, आपला डोळाच त्या रंगाला कमी संवेदनशील आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून मागवून घरी खेळ करू नका, परत फिरलेला किरणही डोळा कायमचा खराब करू शकतो. त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतो, गॉगल चालत नाही. आणि एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर चालू असताना खोलीतला दिवा लावलात तर खूप महागडी वस्तू जाते.

इतर पद्धती पटकन सांगते, गाभा तोच. सापळ्यात पकडलेले आयन शेजारीशेजारी लटकतात, त्यांच्या सामायिक थरथरीमार्फत एकाची अट दुसऱ्यावर लादतात. कॅल्शियमचा अणू दोन टप्प्यांत खाली येताना ५५१ आणि ४२३ नॅनोमीटरचे दोन फोटॉन सोडतो, तेही गुंतलेले. हेलियममधले दोन इलेक्ट्रॉन शांत बसलेले असतानाच गुंतलेले असतात, कुणी काही न करता. आणि कधीच न भेटलेले दोन कणही गुंतवता येतात: दोन वेगळ्या जोड्या घ्या, दोन्हींतला एकेक कण एकत्र आणून त्या दोघांवर मिळून एक मोजमाप करा, की उरलेले दोन गुंततात. फक्त त्या मोजमापाचं उत्तर काय आलं ते कळवावं लागतं, नाहीतर उरलेल्यांत काय आहे ते ओळखता येत नाही.

पायरी ७: उत्तरं आधीच लिहून ठेवली नव्हती ना, ते बघा

हुशार वाचक इथं अडवेल. चिठ्ठीवर दोन्ही दिशांची उत्तरं आधीच लिहून ठेवली तर? बरोबर आहे, पाचवी पायरी साक्षीदार पकडते, आधीच लिहिलेली चिठ्ठी पकडत नाही. त्यासाठी चार कोन लागतात.

पहिल्या फोटॉनला ० किंवा ४५ अंशांवर विचारा, दुसऱ्याला २२.५ किंवा ६७.५ वर. उत्तर अधिक १ किंवा वजा १ धरा आणि दोघांच्या उत्तरांचा गुणाकार करा. चार जोड्या होतात, तीन अधिक चिन्हानं मिळवा आणि ०-६७.५ ची वजा करा. चिठ्ठीवर चारही उत्तरं लिहिलेली असतील तर बेरीज अशी मांडता येते: पहिल्याचं ० चं उत्तर गुणिले (दुसऱ्याच्या दोन उत्तरांतला फरक), अधिक पहिल्याचं ४५ चं उत्तर गुणिले (त्याच दोन उत्तरांची बेरीज). फरक आणि बेरीज यांतलं एक नेहमी शून्य आणि दुसरं २ किंवा वजा २. म्हणून सरासरी २ च्या वर जाऊच शकत नाही. आपल्या जोडीसाठी प्रत्येक सरासरी कोनातल्या फरकाच्या दुपटीचा कोसाइन, म्हणजे तीनदा ०.७०७ आणि एकदा वजा ०.७०७, ती वजा केली की एकूण २.८२८.

प्रयोगात २.८२८ पूर्ण मिळत नाही, त्रुटी असतात. २ च्या वर, त्रुटीची मर्यादा धरूनही वर, आलं पाहिजे.

इशारा: यातून निरोप पाठवता येतो असं समजू नका. एक फोटॉन सोलापुरात, एक पुण्यात. सोलापुरातल्याला नुसतं ०, १, १, ०, ० असं दिसतं, निम्मे-निम्मे, पुण्यात कुणी मोजलं की नाही, कुठल्या कोनात मोजलं, याचा त्याच्या आकड्यांवर तसूभर परिणाम नाही. जुळणं दिसतं ते दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही हुतात्मा एक्सप्रेसनं नाहीतर फोननंच येणार.

आकडे चुकले तर काय बघायचं

पहिल्या दिशेनंच चारही पट्ट्या २५ आल्या, तर सुरुवातीला दोन्ही तारांवर एच टाकलेत का ते बघा. ५०-५० आलं, पण वहीच्या क्रमानं ०१ आणि ११ वर, तर ठिपका कुठल्या रांगेत आहे ते बघा.

पहिल्या दिशेनं ०० आणि ११ ला ५०-५० आणि दुसऱ्या दिशेनं चारही २५, तर कुठंतरी साक्षीदार आहे. सिम्युलेटरवर असाल तर मधे राहिलेलं मोजमाप किंवा विसरलेली तिसरी तार. खऱ्या चिपवर असाल तर पट्ट्या मधेच कुठंतरी थांबतील, ०० आणि ११ मोठ्या, मधल्या दोन छोट्या पण शून्य नाहीत. ते क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर काही मिलिकेल्विन एवढ्या थंडीत ठेवूनही थोडी नोंद बाहेर गळतेच, आणि सर्किट जितकं लांब तितकी जास्त गळते. म्हणून एच आणि सीनॉटच्या मधे उगाच रिकामी गेटं ठेवू नका.

पहिल्या दिशेनं एकच पट्टी शंभर टक्के, तर एच लागलेलंच नाही. लेसर टेबलावर याचा अर्थ क्रिस्टलवर सोडलेल्या लेसरचं पोलरायझेशन सरळ राहिलंय, वेव्हप्लेट (पोलरायझेशन वळवणारी चकती) फिरवा.

आणि पहिल्या दिशेनं ०० आणि ११, पण दुसऱ्या दिशेनं ०१ आणि १० आले तर घाबरून सगळं पुसू नका. ती जोडी पूर्ण गुंतलेली आहे, फक्त ०० अधिक ११ च्या जागी ०० वजा ११ झालंय. वहीत ते करून बघा, या वेळी मधली दोन घरं भरतात आणि कडेची खोडली जातात. कुठल्याही एका तारेवर झेड गेट (१ च्या आकड्याचं चिन्ह उलटवणारं) टाकलं की चिन्ह परत अधिक होतं, आणि पट्ट्या जागेवर येतात.